‘शुक्रवारपर्यंत’ म्हणजे बाय की टिल? इंग्रजीतल्या या चुका टाळा

नाशिकला मी संध्याकाळी इंग्रजीचा वर्ग घेते. निफाड, दिंडोरीकडची बरीच मुलं येतात. घरी द्राक्षबाग, आणि परदेशातल्या खरेदीदाराला मेल लिहायचं काम घरातल्या शिकलेल्या पोराकडे. या मेलमध्ये सगळ्यात जास्त घोळ घालतो तो आपला साधा ‘पर्यंत’.

‘शुक्रवारपर्यंत कंटेनर पाठवतो’ याचं मुलं करतात ‘वी विल सेंड द कंटेनर टिल फ्रायडे’. टिल म्हणजे तोवर काम चालूच राहणार. समोरच्याला वाटतं, शुक्रवार येईस्तोवर हे रोज काहीतरी पाठवतच राहणार. इथे बाय हवं. ओळखायचं कसं? ‘पर्यंत’ काढा आणि ‘च्या आत’ घालून बघा. ‘शुक्रवारच्या आत पाठवतो’ नीट बसतं, तिथे बाय. ‘दुकान सातच्या आत उघडं असतं’ कानाला खटकतं, तिथे टिल. एक मात्र लक्षात ठेवा, ‘बाय फ्रायडे’ म्हटलं की शुक्रवारचा दिवसही त्यात धरतात.

दुसरी चूक ‘डाउट’ची. वर्गात आपण शंका विचारतो, म्हणून मेलमध्येही सहज ‘आय हॅव अ डाउट अबाउट युवर पेमेंट’ लिहून जातो. विचारायचं असतं पैसे कधी जमा होतील एवढंच, पण वाचणाऱ्याला वाटतं की आपल्यावर संशय घेतला. माहिती हवी असेल तर ‘क्वेश्चन’ लिहा.

‘सावली’ म्हणजे शेड की शॅडो, याचं उत्तर बागेतच आहे. ऊन अडवायला आपण शेडनेट लावतो, शॅडोनेट नाही. उन्हापासून आडोसा तो शेड, जमिनीवर पडलेली आपली आकृती ती शॅडो. ‘उसने’ त्याहून सोपं: घेताना बॉरो, देताना लेंड.

‘हिअर’ आणि ‘लिसन’मध्ये गोंधळ व्हायचं खरं तर कारणच नाही, कारण ‘ऐकू येणं’ आणि ‘ऐकणं’ हे मराठीत आधीपासून वेगळे आहेत. तरी व्हिडिओ कॉलवर आवाज तुटला की मुलं विचारतात, ‘आर यू लिसनिंग?’ म्हणजे चक्क ‘तुमचं लक्ष आहे का?’ खरेदीदाराला असं कोण विचारेल? ‘आवाज येतोय का?’ विचारायचं असेल तर म्हणा, ‘कॅन यू हिअर मी?’