बचत गटात बायकांच्या हार्टवर कार्यक्रम घ्यायचाय? मग असं करा

सगळ्यात आधी प्रोजेक्टर आणि पाहुण्या डॉक्टरांचं तासभराचं भाषण डोक्यातून काढून टाका, बायका माना डोलावतात, चहा पितात आणि घरी जातात. त्यापेक्षा बीपीचं मशीन आणा, आशाताईंना सोबत घ्या आणि दुपारची वेळ धरा, स्वयंपाक-भांडी उरकलेली असतात नि पोरं शाळेतून यायची असतात.

बीपी घाईत घेऊ नका. तीन जिने चढून आलेलीला लगेच पट्टा बांधला तर वाढलेलंच दिसणार ना. पाच मिनिटं पाठ टेकून बसवा, पाय जमिनीवर, हात टेबलावर छातीच्या लेव्हलला, आणि माप चालू असताना गप्पा बंद (हे सगळ्यात अवघड). १४०/९० किंवा वर आलं तर थोड्या वेळाने परत घ्या, तरी तेवढंच असेल तर उपकेंद्रात कोणत्या दिवशी जायचं ते ठरवूनच तिला उठू द्या. तिशीपुढच्यांची बीपी-शुगर तिथे फुकट तपासतात.

"तंबाखू खाता का" विचारलं की सगळ्या नाही म्हणतात. "मिश्री लावता का" विचारा, मग बघा किती हात वर होतात. मिश्री म्हणजे भाजलेली तंबाखूच, पण ती दात घासण्यात मोजली जाते. गरोदरपणात बीपी किंवा शुगर वाढली होती का हेही विचारा, अशा बायकांना पुढे हार्टचा धोका जास्त असतो आणि हे बहुतेकींना कोणी सांगितलेलंच नसतं.

मिठाचं ग्रॅममध्ये सांगू नका, पुडा किती दिवस जातो ते विचारा. माणशी दिवसाला ५ ग्रॅम धरलं तर चौघांच्या घरात किलोचा पुडा ५० दिवस जायला हवा, आणि पापड-लोणच्याचं मीठ वेगळंच. कोळीवाड्यात सुक्या मासळीला नावं ठेवलीत तर कार्यक्रम तिथेच संपला, भिजवून ते पाणी फेका आणि कालवणात वरून मीठ टाकू नका एवढंच बोला. मोहल्ल्यात हिंदीत बोला, ईसीजी काढायला बाई असते का ते आधी चौकशी करून सांगा, आणि रमजानमध्ये गोळ्या मनाने बंद करायच्या नाहीत, वेळा डॉक्टरांकडून बदलून घ्यायच्या.

शेवटची पंधरा मिनिटं सासवा आणि नवऱ्यांनाही बोलवा, कारण दवाखान्यात न्यायचं की नाही हे बऱ्याच घरात तेच ठरवतात. छातीत दुखणं बायकांनाही होतं, पण सोबत किंवा नुसतंच दम लागणं, मळमळ, गार घाम, जबडा-पाठ-खांदा दुखणं, एकदम गळून जाणं असंही होतं, आणि घरात त्याला गॅस झालाय म्हणून ओवा नाहीतर सोडा दिला जातो. असं अचानक झालं तर ओवा नको, लगेच १०८. फोनवर पत्ता कसा सांगायचा याची तिथेच प्रॅक्टिस करून घ्या, गल्लीच्या तोंडाशी कोण उभं राहणार तेही, कारण वस्तीत गाडी आतपर्यंत येत नाही.