बुडालेले स्पीच थेरपीचे तास शाळेकडून परत मिळाले

आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलाच्या आयईपीमध्ये, म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलासाठी शाळेने लेखी बांधून दिलेल्या शिक्षणाच्या कार्यक्रमात, आठवड्याला दोनदा 30 मिनिटं स्पीच थेरपी होती. थेरपिस्ट नोकरी सोडून गेल्या आणि तास गुपचूप बंद पडले. आम्हाला कळलं ते मुलाकडूनच.

फोनवर गोड बोलून बोळवण होते, म्हणून सगळं ईमेलवर आणलं. आधी फक्त झालेल्या तासांची नोंदवही मागितली. पालकांना ती बघायचा हक्क आहे. आयईपीत लिहिलेले तास आणि प्रत्यक्ष झालेले तास शेजारीशेजारी मांडले आणि लेखी अर्ज करून बैठक मागितली.

बैठकीत उत्तर अपेक्षितच होतं: "माणूस मिळत नाही." पण आयडीईए या विशेष शिक्षणाबद्दलच्या अमेरिकी केंद्रीय कायद्यानुसार रिकामी जागा ही सेवा न देण्याची सबब होत नाही. बुडालेल्या तासांची भरपाई मागितली. टाळाटाळ दिसताच म्हटलं, "नकार असेल तर कारणांसह लेखी द्या." तसं देणं शाळेवर बंधनकारक आहे. मग सूर एकदम बदलला. कंत्राटी थेरपिस्ट आली, काही तास उन्हाळ्यात भरून मिळाले.

नव्या आयईपीत थेरपी एकट्याने की गटात, हेही लिहून घेतलं. पाच मुलांत अर्धा तास म्हणजे एकेकाच्या वाट्याला किती येणार?

आणि हो, "घरी इंग्रजीच बोला" हा सल्ला आम्ही मानला नाही. दोन भाषांमुळे वाचादोष होत नाही. आजीशी गप्पा मराठीतच चालू आहेत.