चित्रकथेच्या पहिल्या पानासाठी साधने निवडताना

ठाण्यात राहून चित्रकथा काढू लागणाऱ्याने पहिल्याच महिन्यात महागडा, पडदा असलेला टॅब्लेट घेऊ नये, असे मी आग्रहाने सांगेन. गोखले रस्त्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानातून एचबी पेन्सिल, जाड कागद आणि ०.३ व ०.८ मिलिमीटरची जलरोधक शाईची पेने आणावीत. रेघ मारून मिनिटभराने तिच्यावरून ओले बोट फिरवावे, शाई पसरली तर ते पेन जलरंगाखाली चालणार नाही.

संगणकाकडे वळताना क्रिता हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. सोबत दाबानुसार रेघ जाड-बारीक करणारा साधा, पडदा नसलेला पेन टॅब्लेट घ्यावा. हात टेबलावर आणि नजर पडद्यावर ठेवण्याची सवय व्हायला वेळ लागतो, तेवढा धीर धरावा. छपाईचे पान सुरुवातीपासूनच ३०० डीपीआयवर, म्हणजे दर इंचाला ३०० ठिपके धरून, उघडावे, कारण लहान चित्र नंतर मोठे केल्यास कडा फुटतात.

मराठीत खरी परीक्षा संवादाच्या फुग्यांतील अक्षरांची असते. कोणतेही सॉफ्टवेअर विकत घेण्यापूर्वी त्याच्या चाचणी आवृत्तीत ‘राष्ट्रीय’, ‘किल्ल्यांत’, ‘दुसऱ्या’ हे शब्द युनिकोडमध्ये टाइप करून पाहावेत. जोडाक्षरे सुटी पडली किंवा वेलांटी भलत्याच जागी गेली, तर संवाद सरळ हातानेच लिहावेत.