शेतातला जुना मांगर घराकडे आणताय? या चुका टाळा

दिवाळी झाली, भात झोडून झालं, की कुणाचा तरी फोन येतोच. शेतात आजोबांनी बांधलेला मांगर, म्हणजे गुरांचा कौलारू गोठा आहे, सागाचे खांब आहेत, कौलं मंगळुरी आहेत. गुरं आता राहिली नाहीत, तेव्हा तो सोडवून घरामागच्या परड्यात उभा करायचाय. इथवर सगळं छान. मग पुढचा प्रश्न येतो, "शनिवार-रविवारात होईल ना?"

मोडून होईल. उभा मात्र राहणार नाही.

या घाईमागे हल्ली एक व्हिडिओही असतो. अमेरिकेत नेब्रास्कातल्या ब्रुनो गावी 1988 साली 344 माणसांनी अख्खं लाकडी कोठार हातांनी उचललं आणि 115 फूट लांब नेऊन ठेवलं. तो पाहून लोक क्रेनवाल्याला फोन लावतात. पण तिथे शेतकऱ्याच्या मुलाने आधी हिशोब करून खालून पोलादी नळ्यांची जाळी बसवली होती, ते कुणी बघत नाही. आणि त्या कोठारावर मंगळुरी कौलं नव्हती. एक कौल कोरडं असताना दोन-अडीच किलोचं भरतं. एका पाख्यावर, म्हणजे छपराच्या एका उतारावर, हजार कौलं धरली तरी दोन टनांच्या वर वजन झालं. आपला मांगर उचलायचा नसतो, सोडवायचा असतो.

सोडवताना सगळ्यात मोठा घोळ खुणांचा होतो, आणि तो बघून बघून मी थकलोय. आमच्या तालुक्यातल्या एका चाकरमान्याने मे महिन्याच्या सुट्टीत मांगर उतरवला. खुणा केल्या होत्या, नाही असं नाही. खडूने. लाकूड परड्यात आणून एकावर एक रचलं, वर ताडपत्री टाकायची ती उद्या टाकू म्हणून राहिली, आणि रात्री वळीव कोसळला. सकाळी ढिगातल्या एकाही लाकडावर आकडा शिल्लक नव्हता.

"वासे सगळे सारखेच तर आहेत," असं त्यांचं म्हणणं. सारखे दिसतात. पण जुन्या सुताराने प्रत्येक वासा त्याच्या जागेवर धरून तासलेला असतो. बुडाशी एक जाड, दुसरा बारीक, आणि खाच ज्या लाकडावर बसवायची त्याच्याच मापाने मारलेली. तुळयांचं तर विचारूच नका. ज्या भोकासाठी कूस (तुळईचं भोकात बसणारं टोक) तासली तिथेच ती बसते, शेजारच्या खांबात बोटभर तरी अडते. गावातल्या म्हाताऱ्या सुताराला बोलावलं. तो ढिगाभोवती फिरला, एका तुळईच्या कुशीवरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "आता ह्या कसा जुळवूचा?" तरी त्याने एकेक कूस भोकात घालून पाहत बरंचसं जुळवलं. तेवढ्यात मालकांची रजा संपत आली. घाई नडली, दोन तुळया घणाने ठोकून बसवल्या, एकीची कूस उभी चिरली. आज तिथे लोखंडी पट्टी आहे आणि मालक सांगतात की सुतार फार संथ होता.

माझी पद्धत अगदी साधी आहे. मांगर उभा असतानाच दाराकडे तोंड करून उभं राहायचं आणि डावीकडून खांबांना आकडे द्यायचे. प्रत्येक सांध्यावर दोन्ही लाकडांना एकच आकडा, सांध्यापासून वीतभर अंतरावर, नंतर दिसणार नाही अशा बाजूला. ऑइलपेंटने लिहायचा आणि शेजारी पटाशीने तितक्याच खाचा मारायच्या, कारण रंग घासला जातो, खाच राहते. खांबाची कुठली बाजू दाराकडे होती तिथे बाण. वाशांना पाख्याप्रमाणे, पूर्वेकडच्यांना पू 1, पू 2, पश्चिमेकडच्यांना प 1, प 2. हे सगळं शाळेच्या वहीत नकाशा काढून उतरवायचं. मोबाइलवर फोटो जरूर काढा, पण फोटोच्या भरवशावर राहू नका. जमिनीवर आडवं पडल्यावर कुठलं लाकूड कुठलं, ते फोटो सांगत नाही. मार्कर पेन उन्हाने उडतो. चिकटपट्टीबद्दल मला बोलायला लावू नका.

कौलं उतरवताना एकच पाखं रिकामं करत सुटू नका. दोन्हीकडून थोडी थोडी काढा, नाहीतर सांगाडा भरलेल्या बाजूला कलतो आणि कुशी मोडतात. आधी कोने (माथ्यावरची कौलं), मग कौलं, रिपा (कौलांखालच्या पट्ट्या), वासे, आढं (माथ्याचं आडवं लाकूड), तुळया, शेवटी खांब. खांब मोकळे होण्याआधी त्यांना तिरके टेकू द्या. टेम्पोत कौलं आडवी थापून नका भरू, उभी लावा, मध्ये पेंढा घाला. फुटणारी धरून थोडी जादा लागतातच, ती त्याच छापाची शोधा. दुसऱ्या कारखान्याचं कौल खाचेत नीट बसेलच असं नाही, आणि फट राहिली की गळती आलीच. अनेक जुन्या कौलांवर 1865 असा आकडा सापडतो. तो मंगळूरच्या बासेल मिशनच्या कारखान्याच्या स्थापनेचा म्हणून छापलेला असतो, कौल पुष्कळ नंतरचंही असू शकतं. तेव्हा 'आमचा दीडशे वर्षांचा मांगर' असं लगेच सांगत सुटू नका.

खिळे उपटा, लाकूड करवतू नका.

भिंतीचे चिरे हाताने ओढून काढू नका. आधी पहारीने हलवा. मातीत बसवलेल्या जांभ्याच्या फटींत फुरसं (विषारी साप) असतं, आणि जिल्हा रुग्णालय लांब असतं. तसेही सगळे चिरे नेण्यात अर्थ नाही. मागाहून कुणी सिमेंटने दरजा भरल्या असतील तर ते धड निघतच नाहीत. भिंत नवीन बांधा. मांगर म्हणजे लाकूड आणि छप्पर.

आता खांबांची बुडं. शेणामुताच्या ओलीत वर्षानुवर्षं उभ्या असलेल्या खांबाचं बूड हातोडीने वाजवून पाहा. खणखणीत वाजलं तर ठीक. बद्द आवाज आला तर आतून वाळवीने पोखरलेलं असणार, तेवढं कापावंच लागतं. कुठे ताज्या पिठासारखी भुकटी गळत असेल तर भुंगा अजून आत आहे. ते लाकूड औषध मारल्याशिवाय घराच्या जवळपास आणू नका. लोक चुकतात ते बूड कापल्यावर. खांब वीतभर आखूड झाला, मग तो सरळ काँक्रीटच्या खड्ड्यात रोवतात, 'मजबुतीसाठी'. जुन्या लोकांना काँक्रीट मिळत नव्हतं म्हणून त्यांनी खांब दगडावर ठेवला, असं यांना वाटतं. खांब तळखड्यावर, म्हणजे बुडाखालच्या दगडावर, ठेवतात तो बूड कोरडं राहावं म्हणून. काँक्रीटच्या कपात उतरलेलं पाणी बाहेर निघत नाही. असा एक खांब मी काही पावसाळ्यांनंतर पाहिलाय, स्क्रू-ड्रायव्हर मुठीपर्यंत आत गेला. खांब आखूड झाला तर तळखडा तेवढा उंच घ्या. तळखडे पाण्याच्या नळीने एका पातळीत आणा, खांब ओळंब्याने उभे करा. बुडाला काजूच्या टरफलाचं तेल द्या. देताना हातमोजे घाला, कातडी भाजते.

वास्तुशास्त्रवाला सांगतो म्हणून मांगर फिरवू नका. कोकणात पाऊस नैर्ऋत्येकडून झोडपतो. मूळ जागी त्या बाजूला पाखं खाली उतरवलेलं असतं आणि दार दुसरीकडे. तेच परड्यात जपा. दार पावसाच्या तोंडावर आणलं की पुढच्याच वर्षी पत्र्याची पडवी जोडावी लागते, आणि मग एवढा खटाटोप केला कशाला?

कागदपत्रांचं थोडक्यात. सातबाऱ्यावर चुलत्यांची नावं असतील तर आधी त्यांना विचारा. टेम्पो भरल्यावर मुंबईहून काकांचा फोन येतो, तो नेमका त्याच दिवशी येतो. सागवान असेल तर वाहतूक पासाची चौकशी वनक्षेत्रपालांच्या कार्यालयात टेम्पो ठरवण्याआधी करा. 'घरचंच जुनं लाकूड आहे' हे नाक्यावर तोंडी सांगून भागत नाही. नवीन जागी उभं करण्याबद्दल ग्रामपंचायतीतही विचारून ठेवा.

मृगाआधी छप्पर चढलं पाहिजे, म्हणजे उतरवायला सुरुवात पौषापर्यंत. ते जमत नसेल तर यंदा खुणा आणि वहीचं काम करून ठेवा, सोडवणं पुढच्या वर्षी. पहिल्या पावसात थोडं गळेलच. लगेच कौलांवर चढू नका, ओली कौलं पायाखाली फुटतात. आतून रीप बघा, जिथे ओली दिसेल तिथलं कौल खालूनच वर सरकवून बसवा.