‘चॉर्टल’ म्हणजे खो खो हसणं नव्हे: या चुका टाळा

मुलांच्या एका गोष्टीचा अनुवाद करताना मी ‘चॉर्टल्ड’ या इंग्रजी शब्दापाशी ‘आजोबा खो खो हसले’ असं लिहून मोकळी झाले होते. संपादकांनी समासात पेन्सिलीने दोनच शब्द लिहून पान परत पाठवलं, ‘नाक विसरलात!’

तेव्हापासून हा शब्द दिसला की मी आधी नाकाचा विचार करते. चॉर्टलमध्ये दोन इंग्रजी शब्द एकमेकांत शिरलेत. चकल म्हणजे घशातल्या घशात हसणं आणि स्नॉर्ट म्हणजे नाकातून फुर्रकन आवाज काढणं. आनंद पोटात मावेना म्हणून हसू घशात खदखदतं आणि शेवटी नाकावाटे निसटतं. असं हसू चहाचा घोट घेताना आलं तर शर्ट बदलावा लागतो.

शब्द जुनापुराणा समजू नका. रूप बघून वाटतं की शेक्सपिअरच्या काळातला असावा, आणि मग कुणीतरी त्याचं मूळ लॅटिनमध्ये शोधायला निघतं. तो जन्मला १८७१ मध्ये. लुईस कॅरलने ‘थ्रू द लुकिंग-ग्लास’ या पुस्तकातल्या ‘जॅबरवॉकी’ कवितेसाठी तो घडवला. कॅरलचं खरं नाव चार्ल्स डॉजसन, ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च कॉलेजात गणित शिकवायचा. त्याच कवितेतला ‘गॅलम्फ’ही पुढे कोशात गेला, बाकीचे बरेचसे शब्द कवितेतच राहिले.

दुसरी चूक जाणकारांचीसुद्धा होते. ‘चॉर्टलचा अर्थ हम्प्टी डम्प्टीने, म्हणजे त्याच पुस्तकातल्या अंड्यासारख्या पात्राने, सांगितलाय,’ असं ठोकून दिलं जातं. शब्दांना दोन कप्प्यांच्या प्रवासी बॅगेची, म्हणजे पोर्टमँटोची, उपमा त्यानेच दिली हे खरं. पण तो फक्त पहिलं कडवं उलगडतो. ‘स्लाइदी’ म्हणजे लाइद (चपळ) अधिक स्लायमी (बुळबुळीत), हे त्यातलंच. चॉर्टल येतो सहाव्या कडव्यात, तिथवर तो पोचतच नाही. चकल-स्नॉर्ट ही फोड नंतर कोशकारांनी लावली, आणि ती कानाला पटते.

त्या कडव्यात हसतं कोण, हेही नीट वाचा. राक्षस मारून आलेला मुलगा नाही, तर त्याला मिठीत घ्यायला बोलावणारा बाप. म्हणजे मुळात हे आनंदाचं हसणं आहे. आजच्या इंग्रजीत त्याला कधीकधी स्वतःवर खूश असल्याची छटा असते, पण म्हणून दर वेळी ‘कुत्सित हसला’ लिहू नका. त्यासाठी स्निगर आहे.

चकल आणि चॉर्टल अदलाबदल करून वापरू नका, हे ओघानेच आलं. मात्र जुनं पुस्तक हातात असेल तर चकललाही जपून हात लावा. आज त्याचा अर्थ हलकेच हसणं. सॅम्युअल जॉन्सनच्या १७५५ च्या कोशात मात्र तो जोरजोरात, अंग हलवून हसण्यासाठी दिलाय.

मराठीत आणताना एकच शब्द शोधत बसलात की फसलात. खुदकन मुलांचं, फिदीफिदीत चेष्टा आहे, खदखदून हसण्यात नाक नाही. ‘ख्या ख्या’ जवळ येतो, पण त्यात थोडा आचरटपणा डोकावतो आणि आजोबांना तो शोभत नाही. शब्दाचा हट्ट सोडून कृती लिहावी.

माझं वाक्य शेवटी असं छापलं गेलं: ‘आजोबांनी हसू दाबून पाहिलं, पण ते नाकातून फुर्रकन सुटलंच.’ ओळ लांबली, म्हणून संपादकांनी पुढच्या परिच्छेदातली दोन विशेषणं उडवली.