दगड उचला, शेपट्या मोजा: ओढ्यात स्टोनफ्लाय कशी शोधावी

स्टोनफ्लाय या ओढ्यातल्या किड्याला मराठीत रुळलेलं नाव नाही, आणि त्यात नवल नाही. तिचं बहुतेक आयुष्य वाहत्या पाण्याखाली, दगडाच्या पोटाशी जातं. पंख फुटल्यावर ती फार तर काही आठवडे जगते. तिला बघायचं तर दगडच उचलावा लागतो.

कधी जायचं? सह्याद्रीत दिवाळीनंतर ते जानेवारीपर्यंत. पावसाळ्यात अजिबात नको. वर घाटमाथ्यावर कोसळला की खाली ऊन असतानाही लोंढा येतो. कोयना, चांदोली, भीमाशंकरसारख्या राखीव जंगलात वनखात्याची परवानगी घ्या, नाहीतर गावालगतचा ओढा निवडा.

सोबत पांढरं पसरट ताट, मैद्याची चाळणी, मऊ ब्रश आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग एवढं पुरे. हाताला डासांचं मलम मात्र लावू नका. डासाला जे चालत नाही, ते याही किड्याला चालत नाही.

आता जागा. डोह सोडा. जिथे पाणी गोट्यांवरून खळाळतं, फेसाळतं, तिथे उतरा. पाणी थंड असेल तेवढा प्राणवायू त्यात जास्त मुरतो: १५ अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे १० मिलिग्रॅम, ३० अंशांना जेमतेम साडेसात. खळाळात हवा सतत मिसळत राहते. स्टोनफ्लायच्या पिल्लाला नेमकं हेच लागतं. शक्यतो कपडे धुण्याच्या जागेच्या वरच्या अंगाला शोधा.

नारळाएवढा, गाळात न रुतलेला गोटा निवडा. खालच्या अंगाला चाळणी धरा आणि गोटा हळूच उचला, म्हणजे सुटलेला किडा प्रवाहाबरोबर चाळणीतच येईल. दगडाची खालची बाजू बघा. चपटं, तपकिरी-पिवळसर काहीतरी खेकड्यासारखं तुरुतुरु आडोशाला पळालं, तर ब्रशने अलगद पाणी भरलेल्या ताटात सोडा.

खरी गंमत ताटात आहे. पहिली खूण म्हणजे दोन लांब शेपट्या. मेफ्लाय या ओढ्यातल्याच दुसऱ्या किड्याच्या पिल्लाला बहुधा तीन असतात, टाचणीच्या (चतुरासारख्या सडपातळ किड्याच्या) पिल्लाला शेपटाशी पानासारखे तीन कल्ले. पण नुसत्या शेपट्यांवर विसंबाल तर फसाल. काही मेफ्लायनाही दोनच शेपट्या असतात, आणि तिसरी तुटलेलीही असू शकते. म्हणून भिंग लावा. स्टोनफ्लायच्या प्रत्येक पायाच्या टोकाला दोन नख्या असतात, मेफ्लायला एक. मेफ्लायचे कल्ले पोटाच्या दोन्ही कडांना असतात. आपल्याकडे सापडणाऱ्या पर्लिडी कुळातल्या स्टोनफ्लायचे कल्ले छातीखाली, पायांच्या मुळाशी, पांढुरक्या झुपक्यांसारखे दिसतात.

थोडा वेळ नुसतं बघत राहा. ताटातलं पाणी स्थिर झालं की ती पाय वाकवून अंग वरखाली करू लागते, चक्क जोर काढते! कल्ल्यांवरून पाणी फिरावं म्हणून हा खटाटोप. हे दिसलं की तिला आणखी ताटकळत ठेवू नका. शेजारी मेफ्लायची पिल्लं असतील तर त्यांनाही वेगळं करा. पर्लिडी शिकारी आहेत. मग किडा उचलला तिथेच सोडा आणि दगड होता तसाच, त्याच बाजूने ठेवा. आपण सगळे इथेच चुकतो. उलटा टाकलेला दगड म्हणजे त्याखालच्या अंड्या-पिल्लांचं छप्पर उडवणं.

सापडली याचा अर्थ काय? किड्यांवरून पाण्याची प्रत ठरवण्याच्या जुन्या ब्रिटिश गुणपद्धतीत पर्लिडी कुळाला १० पैकी पूर्ण १० गुण होते, गांडूळवर्गीय किड्यांना १. म्हणजे बातमी चांगली. तरीही तेवढ्यावर ओंजळ भरून पिऊ नका. रोगजंतूंबद्दल ती काही सांगत नाही. आणि नाही सापडली म्हणून ओढा घाण ठरत नाही. उन्हाळ्यात आटणाऱ्या ओढ्यात ती मुळात नसेल, किंवा तुम्ही तीनच दगड उचलले असतील. निदान वीस बघा.

परतताना काठावरच्या खडकांवर नजर टाका. पाठीवर उभी फाटलेली, दोन शेपट्यांची रिकामी कात चिकटलेली दिसली, तर समजा की तिथूनच ती पंख घेऊन निघाली. हिला कोषाची अवस्था नसते. पिल्लू पाण्याबाहेर सरपटत येतं आणि शेवटची कात टाकतं. रात्री ओढ्याजवळ मुक्काम असेल तर दिव्याखालीही शोधा: पंख पाठीवर सपाट घडी करून बसलेली, उडण्यापेक्षा पळण्याकडे जास्त कल असलेली माशी दिसेल.