आरसी हेली उडवायला शिकताय? आधी ते हवेत एका जागी उभं ठेवा

बॉक्स उघडला की सगळे जे करतात तेच मीही केलं. बॅटरी चार्ज होईपर्यंत दहा वेळा चार्जरचा लाइट बघितला, मग हेली, म्हणजे रिमोटवर उडणारं छोटं हेलिकॉप्टर, फरशीवर ठेवलं आणि थ्रॉटल (पंख्याचा वेग वाढवणारी स्टिक) थेट वर. हेली छताला आपटलं, खाली यायला लागलं, मी घाबरून थ्रॉटल अजून वर ढकलला, मग ते आडवं जाऊन पडद्यात घुसलं आणि पडद्याचा दोरा गिअरभोवती गुंडाळला. उड्डाण चार सेकंदांचं, दोरा काढायला चिमटा घेऊन पाऊण तास. तर हे लिहितोय ते तुमचा तो पाऊण तास वाचावा म्हणून.

आधी तुमच्या हातात नक्की कुठलं हेली आहे ते बघा, कारण शिकायची पद्धत त्यावरच ठरते. एकाच दांड्यावर वर-खाली दोन पंखे असतील आणि ते एकमेकांच्या उलट फिरत असतील तर ते कोअ‍ॅक्सियल. एका पंख्याने अंगाला दिलेला पीळ दुसरा पंखा काढून टाकतो त्यामुळे हे हेली स्वभावानेच शांत असतं, स्टिक सोडली की बऱ्यापैकी जागेवर येतं. खेळणं वाटेल पण कामोव्ह या रशियन कंपनीची खरीखुरी मोठी हेलिकॉप्टरं याच तत्त्वावर उडतात. यातलं सगळ्यात साधं म्हणजे तीन चॅनलवालं, वर-खाली, वळणं आणि पुढे-मागे एवढंच, बाजूला सरकत नाही. ते इन्फ्रारेडवर चालणारं असेल तर उन्हात नेऊच नका, सिग्नल तुटतो आणि हेली दगडासारखं खाली.

दुसरा प्रकार म्हणजे वर एकच पंखा आणि मागे छोटा शेपटीचा पंखा, चार चॅनल, फिक्स्ड पिच, म्हणजे पात्यांचा कोन बदलत नाही. याला हल्ली आत गायरो (हेलीचं वळणं-कलणं ओळखून सावरणारा सेन्सर) असतो आणि माझ्या मते खरं शिकणं इथेच होतं. तिसरा प्रकार कलेक्टिव्ह पिच, ज्यात पाती फिरता फिरता कोन बदलतात आणि हेली उलटंही उडतं. व्हिडिओ बघून लोक पहिलं हेली म्हणून हेच घेतात आणि महिन्याभरात ते कपाटात जातं. नका घेऊ. निदान पहिलं नको.

रिमोटचं बोलायचं तर बहुतेक ठिकाणी मोड टू असतो. डाव्या स्टिकवर थ्रॉटल आणि रडर, म्हणजे वर-खाली आणि नाक डावीकडे-उजवीकडे वळवणं. उजव्या स्टिकवर एलिव्हेटर आणि एलेरॉन, म्हणजे पुढे-मागे कलणं आणि बाजूला कलणं. मोड वनमध्ये थ्रॉटल उजवीकडे असतो. जो असेल तो असू दे पण एकदा सवय लागली की बदलू नका, बोटांना नव्याने शिकवणं फार अवघड जातं.

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की करा, कारण ऐंशी टक्के गोंधळ इथूनच होतो. नेहमी नाकाकडे बघायचं, शेपटीकडे नाही. रडर डावीकडे दिला की नाक डावीकडे जातं आणि शेपटी उजवीकडे. शेपटी आपल्याकडे असते म्हणून डोळा आपोआप तिच्यावर जातो आणि मग उलट स्टिक मारली जाते. मी कॅनोपीच्या (हेलीच्या पुढच्या कवचाच्या) नाकावर लाल मार्करने ठिपका काढला होता, तेवढ्यानेही फरक पडला.

जागा रिकामी हवी, सगळ्या बाजूंनी किमान तीन मीटर तरी, पंखा आणि एसी बंद. खोली फार लहान असेल तर हेलीने खाली ढकललेली हवा भिंतींना आपटून परत येते आणि हेली स्वतःच्याच वाऱ्यात डुलत राहतं, तुम्हाला वाटतं आपलंच चुकतंय. गुळगुळीत फरशी चांगली, स्किड (ज्यांवर हेली उभं राहतं त्या खालच्या पट्ट्या) घसरतात त्यामुळे जरा तिरकं उतरलं तरी चालतं, गालिचात स्किड अडकतो आणि हेली कलंडतं. शिवाय गालिच्याचे धागे, केस, कुत्रा-मांजराची लव, हे सगळं शाफ्टभोवती, म्हणजे पंख्याच्या दांड्याभोवती, गुंडाळतं. मोटर विनाकारण गरम होत असेल तर आधी तिथे बघा.

चालू करताना आधी रिमोट, थ्रॉटल एकदम खाली, मग हेलीची बॅटरी. बंद करताना उलट, आधी हेली मग रिमोट. बॅटरी जोडली की हेली सपाट जागेवर ठेवा आणि लाइट स्थिर होईपर्यंत हात लावू नका, गायरो तेव्हा सरळ म्हणजे काय ते शिकत असतो. हातात धरून तिरकं सुरू केलंत तर तो तिरक्यालाच सरळ समजेल आणि मग उडताना ते एका बाजूला पळेल आणि तुम्ही ट्रिमची बटणं (स्टिक न हलवता हेलीचं आपोआप सरकणं-वळणं थांबवणारी) दाबत बसाल.

आता पहिलं उड्डाण. हेली तुमच्यापासून दोन-अडीच मीटर पुढे, शेपटी तुमच्याकडे, नाक समोर, तुम्ही बरोबर मागे उभे. थ्रॉटल हळू वाढवा. एका क्षणी हेली हलकं होतं, स्किड फरशीवर थरथरायला लागतात, नाक थोडं वळतं, एका बाजूला घसरायला लागतं. इथे सगळे घाबरतात आणि त्याच अवस्थेत दोन-चार इंचांवर तरंगत ठेवायचा प्रयत्न करतात, आणि तीच सगळ्यात वाईट जागा. जमिनीच्या इतक्या जवळ पंख्याची हवा खाली आपटून पसरते आणि हेली त्या हवेच्या उशीवर चेंडूसारखं इकडेतिकडे घसरतं. थ्रॉटल अजून थोडा देऊन गुडघ्याच्या वर न्या, मग बघा कसं शांत होतं. एका पंख्याचं हेली हवेत उभं असताना किंचित एका बाजूला कललेलं दिसेल, ते बिघडलेलं नाहीये, शेपटीचा पंखा जो ढकलतो त्याला तोलून धरायला तेवढं कलावंच लागतं.

सुरुवातीला फक्त उड्या मारा. वर, तीन-चार सेकंद, खाली. परत. पळायला लागलं की खाली. दोन बॅटऱ्या यातच गेल्या तरी चालेल. कोणी सुचवेल की दोरीने बांध म्हणजे पळणार नाही. हेलिकॉप्टर बनवणाऱ्या इगोर सिकोर्स्कीने १९३९ मध्ये आपलं व्हीएस-३०० हे हेलिकॉप्टर पहिल्यांदा उचललं तेव्हा ते बांधलेलं होतं हे खरं, पण आपल्या एवढ्याशा हेलीला दोरी बांधली की ती ताणली जाताच हेली तिच्याभोवती आडवं होतं किंवा दोरी सरळ पंख्यात जाते. त्यापेक्षा हलक्या काड्यांची फुली आणि टोकांना पिंगपाँगचे चेंडू, असा ट्रेनिंग गिअर मिळतो तो बरा, तोही हेलीला वजन पेलत असेल तरच.

हॉवर, म्हणजे हवेत एका जागी उभं राहणं, ही काही स्थिती नाहीये, ते सतत चालू असलेलं काम आहे. मोठं ताट दोन्ही हातांत धरा आणि त्यात गोटी ठेवून ती मधोमध ठेवायचा प्रयत्न करा. गोटी डावीकडे निघाली की ताट उजवीकडे कलवता, पण ती मधे येईपर्यंत कलवून ठेवलंत तर ती दुसऱ्या काठाला जाऊन आपटते. मधे यायच्या आधीच ताट उलट कलवून तिला थांबवावं लागतं. एका पंख्याचं हेली अगदी तसंच. डावीकडे सरकतंय, स्टिक जराशी उजवीकडे, सोडा, आणि थांबायच्या सुमाराला अगदी बारीक डावीकडे. तो शेवटचा उलटा टिचका कोणी सांगत नाही आणि म्हणून नवीन माणसाचं हेली घड्याळाच्या लंबकासारखं या भिंतीकडून त्या भिंतीकडे, दर फेरीला जास्त जोरात.

स्टिक ढकलायची नाही, टिचकी मारायची. डोळ्याला हेली हललेलं दिसायच्या आधी त्याचा पंखा कलतो, नजर त्या कलण्यावर बसली की निम्मं काम झालं. रिमोटवर लो रेट असेल तर तोच लावा, स्टिक पूर्ण हलवली तरी हेली कमीच कलतं.

थ्रॉटलचं वेगळं. फिक्स्ड पिचमध्ये वर जायचं म्हणजे पंख्याचा वेग वाढवायचा आणि त्याला क्षणभर वेळ लागतो. हेली खाली येताना दिसल्यावर थ्रॉटल द्याल तर उशीर झालेला असतो आणि मग घाबरून जास्त दिला जातो आणि ते छताकडे. खाली येतंय असं जाणवलं की एक बारीकशी खाच वर, बस. उतरतानाही एकदम सोडू नका, सरळ खाली वेगात आणलं की ते स्वतःच्याच खवळलेल्या हवेत डगमगतं. हल्ली बऱ्याच हेलींमध्ये उंची धरून ठेवायची सोय असते, स्टिक मधे सोडली की तिथेच थांबतं. पहिल्या दिवशी छान वाटतं पण डावा अंगठा काहीच शिकत नाही. बंद करता येत असेल तर आठवड्याभराने बंद करा.

ट्रिम हॉवर जरा जमल्यावरच करा. आधी रडर, नाक आपोआप वळायचं थांबलं की मग बाकीचं. सारखं डावीकडे सरकतंय तर उजवीकडे एक-एक क्लिक. अगदी शून्यावर आणायच्या मागे लागू नका, खोलीतली हवा हलली तरी ते सरकणारच. आणि कोअ‍ॅक्सियल एका जागी गोल गोल घिरट्या घालायला लागलं तर तो ट्रिमचा प्रश्न नसतो, त्याला टॉयलेट बोल म्हणतात (नाव कोणी ठेवलं देव जाणे पण अगदी तसंच दिसतं), वरचा वजनवाला दांडा अडकतोय का, शाफ्ट वाकलाय का ते बघा.

एका ठिकाणी टेपची फुली करून तिच्यावर शेपटी-आपल्याकडे अवस्थेत पूर्ण मिनिटभर थांबता आलं की पुढे जा, त्याआधी नाही. मग नाक थोडं डावीकडे वळवून तिथे हॉवर, परत सरळ, मग उजवीकडे. हळूहळू पूर्ण आडवं. आडव्यात डोकं चालत नाही तेव्हा मी अंगच हेलीच्या दिशेला वळवून उभा राहायचो, मान तेवढी हेलीकडे. वेडगळ दिसतं पण चालतं.

सगळ्यात शेवटी नाक आपल्याकडे. इथे सगळं उलटं होतं, तुमचं डावं ते त्याचं उजवं. विचार करून स्टिक हलवायला गेलात तर हेली तोवर भिंतीत. एक युक्ती आहे: हेली ज्या बाजूला कलतंय त्याच बाजूला स्टिक न्या, जणू कलणाऱ्या बाजूला खालून टेकू लावताय. हे फक्त नाक आपल्याकडे असतानाच हं. मला यालाच सगळ्यात जास्त दिवस लागले आणि अजूनही दमलेलो असलो की चुकतं. संगणकावरचा सिम्युलेटर मिळाला, रिअलफ्लाइटसारखा, तर ही अवस्था तिथे घोटा, तिथे शंभर वेळा पडलं तरी नुसतं एक बटण दाबायचं.

पडणार तर आहेच. पडताना एकच सवय लावा, आपटायच्या आधी थ्रॉटल शून्य. मन म्हणतं वर उचल, वाचेल. नाही वाचत. फिरती पाती भिंतीला लागली की जोर आत जातो आणि शाफ्ट वाकतो, गिअरचे दात जातात. पंखा बंद असेल तर निम्म्या वेळा नुसतं उचलून परत उडवता. हाताने झेलायचं तर कधीच नाही, छोटं असलं तरी डोळ्याला लागलं की संपलं, चष्मा घाला, पोरांना मागे उभं करा.

पडल्यावर बॅटरी काढा आणि मगच बघा. पात्याला चीर किंवा वाक असेल तर बदला, चिकटपट्टी लावून चालवायचं नाही, तोल जातो आणि सगळं हेली थरथरतं आणि गायरो गोंधळतो. बाजूने बघताना फिरत्या पंख्याच्या दोन वेगळ्या तबकड्या दिसत असतील तर एक पातं वाकलंय. पाती बसवताना स्क्रू करकचून आवळू नका. हेली आडवं धरलं तर पाती स्वतःहून लोंबकळायला नकोत, पण बोटाने हलवलं तर सहज हलायला हवीत. तो स्क्रू तांदळाच्या दाण्याहून लहान असतो, खाली पांढरा रुमाल पसरून काम करा, मी एक स्क्रू झाडूच्या केरात शोधलाय.

बॅटरी बहुतेक एका सेलची लिपो (लिथियम पॉलिमर), ३.७ व्होल्ट लिहिलेली, पूर्ण भरली की ४.२. उड्डाण साधारण पाच ते आठ मिनिटं. नेहमीच्या थ्रॉटलवर हेली वर जाईना झालं की उतरवा, ओढू नका, ३ व्होल्टच्या खाली गेलेली लिपो परत धड होत नाही. उतरल्यावर दहा-पंधरा मिनिटं गार होऊ द्या मग चार्जिंगला लावा, आणि चार्जिंग चालू असताना घरात जागं माणूस हवं. फुगलेली बॅटरी परत वापरायची नाही, कितीही जीव तुटला तरी. बरेच दिवस उडवणार नसाल तर पूर्ण भरून ठेवू नका, ३.८ च्या आसपास ठेवा. आणि हेलीत जोडलेली राहू देऊ नका, बटण बंद असलं तरी.

बाहेर न्यायची घाई सगळ्यांना असते. कोअ‍ॅक्सियल बाहेर नेऊच नका, झुळूक आली की ते नाक वर करून मागे मागे जातं आणि स्टिक पूर्ण पुढे ढकलली तरी परत येत नाही. एका पंख्याचं न्यायचं असेल तर पहाटे, झाडाची पानं अजिबात हलत नसताना, रस्ता, तारा, माणसं आणि विमानतळ यांच्यापासून लांब. वारा तोंडावर घेऊन उभे राहा आणि हेली आपल्यासमोर, वारा जिकडून येतो त्याच बाजूला ठेवा, म्हणजे हाताबाहेर गेलंच तर वाहत आपल्याकडे येईल. डोक्यावरून मागे गेलं तर मात्र वाट बघू नका, तिथेच गवतात उतरवा आणि चालत जाऊन घेऊन या.